वाटेत उडालेला वास

“...आणि अजून किती वेळा मोजायचं, बाई?”

निशिकांतनं अहवाल टेबलावर जवळजवळ आपटलाच.

इंदुमतीबाई केळुस्कर म्हणजे त्याच्या गुरू. मातीची परीक्षा त्यांच्याकडूनच शिकला. पुढे परदेशात जाऊन आला, तेव्हापासून प्रश्न विचारलेले त्याला आवडत नसत.

वाकोडी गावाशेजारी इंधनाचा डेपो होता. तिथलं पेट्रोल जमिनीत झिरपतंय, अशा शंकेनं गावानं विहीर बंद ठेवली होती. अहवालावर बाईंची सही झाली, की उद्या सकाळी ती उघडणार होती.

अहवालात पेट्रोलचं प्रमाण शून्य होतं.

“खणलंस किती?” बाईंनी विचारलं.

“कंबरभर. वरवरची माती उचलून आणायला मी काय नवखा आहे?”

“यंत्र?”

“नवं कोरं! बाई, तुम्ही माझी तोंडी परीक्षा घेताय का?”

बाई चष्मा पुसत राहिल्या...

“माती आणलीस कशात?”

“प्लास्टिकच्या पिशव्यांत.”

“तोंडं घट्ट बांधली होतीस?”

“गाठ मारली होती. माती आहे ती बाई, सांडली नाही कुठे!”

“ऊन होतं?”

“मे महिना आहे!” निशिकांतनं कपाळावर हात मारला. “ऊन होतं, गाडी तापली होती, सगळ्या काचा उघड्या टाकून आलो. झालं समाधान?”

“काचा का उघडल्यास?”

“वासानं डोकं फुटायची वेळ आली होती म्हणून!”

“कसला वास?”

“पेट्रो...”

तो थांबला.

बाई उठल्या. त्याच्या खुर्चीमागे गेल्या. लहान मुलाचं हुंगावं तसं त्यांनी वाकून त्याचं डोकं हुंगलं, आणि जागेवर येऊन बसल्या.

निशिकांतचा चेहरा उतरला. जे मोजायचं होतं, ते वाटेतच उडून गेलं होतं.

त्यानं फोन काढला. सरपंचांना म्हणाला, “विहीर उघडू नका. हो... माझी चूक झाली. उद्या पुन्हा येतो, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटल्या घेऊन.”

फोन ठेवला, तरी चडफड गेली नव्हती.

“पण बाई, यंत्र चुकलं नाही. मोजणी चुकली नाही. यंत्राला जी माती दिली, तिच्यात खरंच काही नव्हतं. माझा आकडा बरोबर आहे, एवढं तरी म्हणाल की नाही?”

बाईंनी अहवाल त्याच्याकडे सरकवला. पेनाला टोपण लावलं.

“आकडा बरोबरच आहे रे बाबा, पण पिशवीतल्या मातीचा! म्हणून तर सही करत नाही.”