ठकू सुईणीचा घास

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा घाटमाथ्यावरच्या उघड्या, कातळी सड्यावर ना रस्ता होता ना दवाखाना, तेव्हाची ही गोष्ट. दसरा झाला की तिथली धनगरांची बिऱ्हाडं मेंढरं घेऊन देशावर उतरायची. त्यांच्यात ठकू नावाची एक सुईण होती. तिच्या हाताला असं यश होतं, की आडवं आलेलं मूलसुद्धा तिची हाक ऐकून वळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी वाटेतच, भर दुपारी, धोंडाबाईची सून सगुणा हिला कळा सुटल्या. बायकांनी घोंगड्यांचा आडोसा केला. लेक झाली, गोरीगोमटी, रडकी. वारही सबंध पडली. ठकूने नाळ कापली आणि वार मातीच्या परळात ठेवली. पण सगुणाच्या अंगावरून जायचं काही थांबेना. ठकूने पोट चोळलं, ओटीपोट दाबून धरलं, होता तो पाला वाटून पाजला. रक्ताचा ओघळ घोंगडीखालून निघाला आणि उताराला लागला. आजवर ठकूच्या हातून एकही बाळंतीण गेली नव्हती.

शेजारीच एक मेंढी व्याली होती. तिने आपली वार खाल्ली, तोंड चाटलं आणि ती ताठ उभी राहिली. ठकूने हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण आज तिने टक लावून पाहिलं. मग तिने परळातली वार धुतली, आडोशाबाहेरच्या निखाऱ्यावर शेकली आणि तिचा एक तुकडा सगुणाच्या ओठांशी नेला.

"सगुणे, एवढा घास गीळ."

आडोशापलीकडून मायाप्पा कारभारी गरजला. सगळ्यांचा न्यायनिवाडा तोच करायचा.

"ठकू, माणसाला माणसाचं खाऊ घालतीस? जी खाईल ती वाळीत! तिच्या हातचं पाणी कुणी पिणार न्हाई!"

सगुणाने ओठ घट्ट मिटले. मग ती क्षीण आवाजात म्हणाली, "मावशी, मी वाळीत पडले तर ह्या लेकराला कोण जवळ करंल? मी मेले तरी चालंल, पर हिला पंगतीत बसू द्या."

ठकूने तो तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. "बघ, आता मी बी वाळीत. दोघी मिळून येगळी चूल मांडू."

"तुम्ही एकट्या, मावशी. माझ्यामागं घर हाय."

तेव्हा धोंडाबाई पुढे सरकली. ही सासू सुनेला उठता-बसता टोमणे मारायची. तिने परळात हात घातला, एक तुकडा चावून चावून गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ इसरलीस व्हय गं, ठकू?" मग ती सुनेकडे वळली. "घर घर काय करतीस? घर म्हंजी मीच न्हवं का? उघड तोंड!"

सगुणाने तोंड उघडलं. घास पोटात गेला, आणि उताराला लागलेला ओघळ जागच्या जागी थिजला, असं म्हणतात. तिच्या ओठांवर लाली आली. ती उठून बसली आणि तिने लेकीला पदराखाली घेतलं.

"तिघी वाळीत!" मायाप्पा ओरडला.

"मग चौथी मी," म्हणत त्याचीच बायको गोजरा आडोशाआड शिरली. तिच्यामागे एकेक करून सगळ्या बाया गेल्या. वार ती केवढी, पण साऱ्यांना पुरली. शेवटी गोजरा बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "कारभारी, आमच्या हातचं पाणी चालत न्हाई न्हवं? मग बसा भाकरी थापायला!"

मायाप्पा खरंच चुलीशी बसला. भाकरी तव्याला अशी चिकटली की खरवडायला विळा घ्यावा लागला. पोरं हसून हसून लोळली. अखेर तो ठकूसमोर ओंजळ करून उभा राहिला.

"आक्का, चुकलं माझं. पाणी वाढ."

ठकूने पाणी ओतलं, आणि मायाप्पा सर्वांसमोर ते घटाघटा प्याला.

आता त्या सड्यावर वार कुणी खात नाही. ती नव्या रोपाखाली पुरतात. पण बाळंतिणीला नाचणी-गुळाचा पहिला घास भरवतात, त्याला ठकूचा घास म्हणतात. तो आधी सासू खाते, चारचौघांदेखत. मगच सून तोंड उघडते. आणि जिला सासू नसते, तिच्यासाठी वाडीतल्या साऱ्या बाया रांगेने येऊन त्याच वाटीतून खातात. बाळंतीण सगळ्यांत शेवटी खाते. वाटी आजवर कधी रिकामी निघालेली नाही, असं म्हणतात.