आवडा भडभुंजीण आणि कबरीचा शाप

एका राज्यात अन्नपेठ नावाची पेठ होती. राजवाड्याच्या दारापासून नदीच्या घाटापर्यंत दुतर्फा दुकाने, आणि जे उघडे दिसेल ते खाण्याचेच. हलवाई होते, वडे तळणाऱ्या होत्या, दहीदूध विकणाऱ्या गवळणी होत्या, आणि मधल्या चौकाच्या कडेला आवडा भडभुंजीण होती. भल्या मोठ्या कढईत वाळू तापवायची, तापल्या वाळूत धान्य टाकायचे, झाऱ्याने हलवायचे, चाळणीने चाळायचे, की लाह्या तयार, फुटाणे तयार. नवरा नव्हता. सहा वर्षांची लेक होती, ठकू. या लेकीवर आवडाचा सगळा जीव होता.

पूर्वी या पेठेत जनावरे मोकळी हिंडत. चिमण्या दाणे टिपत, गाय दारात येऊन घास घेऊन जाई, कुत्रे पायरीशी लोळत, आणि मांजरे तर थोरल्या सुनेच्या अधिकाराने आतबाहेर करीत. आवडाच्या दुकानी कबरी नावाची मांजरी होती. भुशाच्या पोत्यांमागे तिचे राज्य, आणि त्या राज्यात उंदराला थारा नव्हता.

मग एके सणाला राणी हेमांगीने खीर खाल्ली. खिरीत पाल पडली होती. दिवस मावळायच्या आत राणी गेली.

राजा धवलकेतूने तीन दिवस दार लावून घेतले. चौथ्या दिवशी दार उघडले आणि दवंडी पिटवली: "चार पायांचा, दोन पंखांचा, सरपटणारा, कोणताही जीव अन्नाच्या दुकानाचा उंबरा ओलांडणार नाही. ज्याच्या दुकानात जनावर सापडेल, त्याची भट्टी फोडली जाईल आणि त्याचा उजवा हात मनगटापर्यंत तापल्या वाळूत घातला जाईल." वाळू कुणाच्या कढईतली, हे सांगायची गरज नव्हती. तशी कढई पेठेत एकच होती.

प्रत्येक दारी काठीवाला शिपाई बसला. गायी हाकलल्या, चिमण्या उडवल्या, मुंग्यांच्या वाटेवर हळदीच्या रेघा ओढल्या. हुकूम सगळ्यांना समजला. उंदरांना तेवढा समजला नाही.

आवडाने काय केले? लोक करतात तेच केले. कबरीला पोत्यात घातले, नदीपलीकडे नेले, वाट विसरावी म्हणून पोते तीनदा गरगर फिरवले आणि सोडून दिले. पोते बांधताना तिच्या हाताला ओल लागली होती. ती ओल दुधाची होती, आणि ते तिने कुणाला सांगितले नाही.

तिसऱ्या दिवशी कबरी पोहत परत आली. भुशामागे तीन पिले होती, भुकेने अर्धमेली. मांजर पिलांना सात घरे दाखवते, तशी ती तोंडात एकेक पिलू धरून सात दारी गेली. सातही दारी काठी बसली. दोन पिले वाटेतच गेली. सातवे दार राजाच्या मुदपाकखान्याचे. तिथे कबरीने तिसरे पिलू खाली ठेवले आणि माणसाच्या वाणीने बोलली, "माझ्या पिलांना दूध असून मिळालं नाही. तुमच्या घरीही अन्न शिजेल, ताटात पडेल, पोटात जाईल. पण अंगी लागणार नाही." एवढे बोलून तिने पिलू उचलले आणि ती दिसेनाशी झाली.

त्या दिवसापासून राज्यात जेवण खूप झाले आणि पोट कुणाचे भरेना. माणसे चार भाकऱ्या खात आणि पाचवीकडे बघत. 'पुरे' हा शब्द लोक विसरून गेले. मोठी माणसे कशीबशी तगली, पोरे वाळू लागली.

राजाला आपली चूक बघायची नसली की त्याला मांत्रिक सापडतोच. धूम्रकेश मांत्रिक म्हणाला, "मांजराचं पाप सोन्याच्या मांजरानं फिटतं." झाले. सात मण सोन्याचे मांजर ओतले, पाचूचे डोळे बसवले आणि अन्नपेठेच्या चौकात चौथऱ्यावर मांडले. दर दुपारी त्याला दुधाचा नैवेद्य होई, आणि ते दूध नाहीसे होई. सोन्याचे मांजर दर दिवशी तीळभर वाढत होते. पेठेतली पोरे तीळतीळ झिजत होती. जित्या मांजराला काठी आणि सोन्याच्या मांजराला दूध, हा न्याय सात महिने चालला.

ठकूच्या मनगटातली बांगडी आधी कोपरापर्यंत चढली, मग दंडापर्यंत. वैद्य आला, नाडी पाहिली आणि आवडाकडे न बघता म्हणाला, "अमावास्येपर्यंत तग धरेल." अमावास्येला तीन दिवस होते.

आवडा भट्टीपुढे बसून राहिली. तेवढ्यात गवाक्षात एक साळुंकी येऊन बसली. दाराशी शिपाई होता, पण गवाक्ष दारात मोडत नाही. साळुंकी म्हणाली, "बाई, कबरी नदीपलीकडे पडक्या धर्मशाळेत आहे. तुझी वाट बघते आहे."

आवडाने लेक शेजारणीच्या ओटीत घातली आणि ती नदी उतरून गेली. धर्मशाळेच्या ओट्यावर कबरी बसली होती, वासराएवढी झालेली. तिच्या पंज्यांमध्ये एक पिलू झोपले होते. आवडा मागे फिरली नाही.

"लेक जगवायची आहे," ती म्हणाली.

"मलाही जगवायची होती," कबरी म्हणाली. "तीन कामं कर. मुंग्यांकडून मूठभर धान्य आण. राणी कशी मेली ते पालीकडून जाणून घे. आणि अमावास्येच्या दुपारी, राजाच्या डोळ्यांदेखत, मला तुझ्या दुकानात घेऊन जा. पहिला घास माझा, दुसरा तुझ्या लेकीचा."

"तिसऱ्या कामात माझा हात जाईल."

"जाईल," कबरी म्हणाली.

पहिल्या दिवशी आवडा वारुळाशी गेली. मुंग्यांची राणी बाहेर आली. "आम्हाला हळदीची रेघ ओढून अडवलंस. आता आमचंच धान्य मागतेस? एकाच प्रश्नाचं उत्तर दे. ज्याला कोणत्याही जनावराचा स्पर्श झाला नाही, असा एक दाणा तुझ्या दुकानात दाखवशील?"

आवडा विचार करू लागली. नांगर बैलाने ओढला. खत गायीचे. गांडुळांनी माती पोकळ केली तेव्हा दाणा भरला. मळणीला कणसे बैलांच्या खुरांखालून गेली. पोती गाढवाच्या पाठीवरून पेठेत आली.

"असा एकही दाणा नाही," ती म्हणाली.

"हे तू जाणतेस, म्हणून घे," मुंगी म्हणाली, आणि हजार मुंग्यांनी मूठभर साळी तिच्या पदरात आणून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी आवडा लाह्यांची टोपली घेऊन राजवाड्यात गेली. मुदपाकखान्यात तिच्या लाह्या नेहमीच्या, कुणी हटकले नाही. दिव्याच्या कोनाड्यामागे पाल होती. आवडाला पालीची शिसारी होती. तरी तिने कोनाड्याशी तोंड नेले आणि विचारले, "राणीसाहेब कशा गेल्या?"

"खिरीत पडली ती माझी बहीण," पाल म्हणाली. "तीही मेली, तिचं सुतक कुणी धरलं नाही. इथलं मांजर त्या दिवशी बाहेर बांधलेलं होतं, आणि खिरीवर झाकण नव्हतं."

"झाकण कुणी काढलं?"

पालीने नाव सांगितले. आवडाने टोपलीची कड घट्ट धरली.

"हे मी बोलले तर जीभही जाईल," ती म्हणाली.

"तू नुसतं विचार. साक्ष मी देते. मला टोपलीतून दुकानात ने."

जिच्या सावलीची भीती, त्या पालीला रिकाम्या टोपलीत घेऊन आवडा पेठेतून चालत आली. टोपली डोक्यावर होती आणि वाटभर तिच्या मानेवर काटा उभा होता.

तिसरा दिवस अमावास्येचा. ठकू आता डोळे उघडत नव्हती. आवडाने सकाळीच भट्टी पेटवली आणि कढईतली वाळू तापत ठेवली. टोपली कोपऱ्यात ठेवली. मग ती नदीवर गेली. कबरी घाटावर उभी होती, पुन्हा मांजराएवढी झालेली. आवडाने तिला कडेवर घेतले, पिलू पदरात घेतले आणि भर दुपारी, भर पेठेतून चालू लागली.

 चौकात राजा सोन्याच्या मांजरापुढे दुधाची वाटी धरून उभा होता. त्याने जित्या मांजराकडे पाहिले आणि वाटी तशीच हातात राहिली. आवडा त्याच्यासमोरून गेली. दाराशी शिपायाने काठी उगारली. आवडाने मान खाली घातली, काठी खांद्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला.

राजा मागोमाग आला.

"आवडा, हुकूम ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, महाराज."

"शिक्षा ठाऊक आहे?"

"वाळू सकाळपासून तापते आहे. दोन घास भरवून होईतो थांबावं."

राजा उंबऱ्याशी थांबला. आवडाने मुंग्यांच्या साळी वाळूत टाकल्या. तडतड फुटून पांढऱ्याशुभ्र लाह्या झाल्या. गवळणीने न विचारता दूध पुढे केले. आवडाने लाह्या दुधात भिजवल्या आणि वाटी कबरीपुढे ठेवली.

कबरीने तोंड लावले नाही.

"आधी गाठ सोड," ती म्हणाली.

कोणती गाठ ते आवडाला समजले. ओसरीवर ठकूचा श्वास थांबत थांबत चालला होता. सगळी पेठ दारात लोटली होती. आवडा म्हणाली, "पोतं मी बांधलं. हुकूम महाराजांचा होता, पण गाठ माझी. हिच्या अंगाचं दूध माझ्या हाताला लागलं होतं. मागे पिलं आहेत हे मला कळलं होतं. मी ते कळलं नाही असं केलं."

तिला रडू आले, पण ती बोलत राहिली. "आता महाराजांना एकच विचारायचं आहे. त्या दिवशी खिरीचं झाकण कुणी उघडं ठेवलं?"

"आचाऱ्यानं," राजा म्हणाला.

टोपलीतून आवाज आला नाही.

"राणीनं स्वतः," राजा म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

टोपली गप्पच होती. वाळू धगधगत होती. राजाचे कपाळ घामाने भिजले. त्याने एकदा चौकातल्या सोन्याच्या मांजराकडे पाहिले, एकदा ओसरीवरच्या ठकूकडे. मग हळूच म्हणाला, "मी. मी मुदपाकखान्यात गेलो. झाकण उचललं, बोटभर चाखली, 'छान झाली' म्हणालो. तेवढ्यात दूत आला. झाकण ओट्यावरच राहिलं."

टोपलीतून पाल चुकचुकली. पेठेतल्या लोकांनी सवयीने जमिनीवर बोटे आपटली आणि म्हटले, "सत्य आहे."

राजाने अंगठ्या काढल्या. "हुकूम माझा आहे. झाकणावर हा हात होता," असे म्हणून त्याने उजवा हात वाळूवर नेला. बोटे वाळूला टेकणार, तोच कबरीने पंजा टाकून त्याचे मनगट धरले.

"राहू दे, राजा. हात भाजून कुणाचं पोट भरत नाही. माझी दोन पिलं परत यायची नाहीत, तुझी राणीही यायची नाही. ती वाटी जवळ सरकव."

कबरीने एक घास खाल्ला. दुसरा घास आवडाने ठकूच्या ओठांना लावला. ठकूने गिळला. तिसरा पिलाने खाल्ला, चौथा पुन्हा ठकूने. आवडा भरवत राहिली आणि तिचे डोळे लेकीच्या दंडावरच्या बांगडीवर खिळले. बांगडी दंडावरून सुटली, कोपरावरून घसरली, मनगटाशी आली आणि तिथे अडली. मनगट भरले होते.

ठकूने डोळे उघडले, आईचा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "पुरे."

सात महिन्यांत पेठेने तो शब्द ऐकला नव्हता. हलवाई मटकन खाली बसला. गवळणी पदर तोंडाला लावून रडू लागल्या. चौकात सोन्याच्या मांजराला तडा गेला आणि त्याच्या पोटातून सात महिन्यांचे दूध नदीकडे वाहत गेले.

राजाने कबरीला हात जोडले. "मग जनावरानं अन्नाच्या दुकानात यावं की येऊ नये?"

"भुशाच्या पोत्यांपर्यंत माझं राज्य, भट्टीपासून पुढे तुमचं," कबरी म्हणाली. "उंदीर मी बघते. झाकण तुम्ही बघा." तेव्हापासून ती बोलली नाही. बोलायचे ते बोलून झाले होते.

धूम्रकेश मांत्रिकाच्या हाती शिपायांच्या सगळ्या काठ्या दिल्या गेल्या, आवडाच्या भट्टीत सरपण म्हणून घालायला. सोन्याचे मांजर वितळवले आणि त्याची झाकणे घडवली, प्रत्येक दुकानाला एक, राजाच्या मुदपाकखान्याला पहिले. प्रत्येक उंबऱ्याबाहेर दगडाची वाटी बसली. सकाळी दुकान उघडले की आधी ती भरायची, मग भट्टी पेटवायची. वाटीत तोंड घालून गाय, कुत्रे, चिमण्या आपापल्या वाटेने जात. राजा रोज मुदपाकखान्यात येई, आणि निघताना झाकणावर तळहात ठेवून, ते बसले आहे ना एवढे बघून जाई.

ज्याने झाकण घातले त्याचे अन्न त्याला लाभो, जिने वाटी भरली तिची लेक वाढो. आमची कढई उतरली, कहाणी निवली. आता तुम्हीही म्हणा, पुरे.