चौथं कडवं

अच्युतानंद महाराजांनी भरल्या देवळात जाहीर केलं, "ही तीन कडवी काल देवाने माझ्या कानात सांगितली. माझी दीक्षा न घेता जो गाईल, त्याला पाप लागेल!" आणि ते डोळे मिटून गाऊ लागले.

गर्दीत बसलेल्या सगुणाने बाळाला खांद्यावर घेतलं आणि कान टवकारले. ही तर तिने रचलेली अंगाई! आठवडाभर महाराज तिच्याच ओसरीवर मुक्कामाला होते. आता बाळाला निजवायचं कसं?

गाणं संपताच ती उठली. "महाराज, चौथं कडवं?"

"देव तिथेच थांबला, बाई."

"देव नाही, मी थांबले. तिसऱ्या कडव्याला हा झोपतो. बघा, आत्ताही झोपलाय!" तिने खांद्यावरचं बाळ दाखवलं.

देऊळ खदखदून हसलं, तशी ती दटावून म्हणाली, "हळू हसा! हा उठला तर चौथं लागेल, आणि ते महाराजांना येत नाही."