अध्यक्षांची उचकी

उचकीवर संशोधन करणारी तरुण डॉक्टर केतकी खरवंडीकर तिसऱ्यांदा अनुदान मागायला समितीपुढे उभी होती. नेमकी अध्यक्ष डॉ. दमामे यांनाच सकाळपासून उचकी लागली होती.

"तुमच्या प्रत्येक प्रयोगात... हिक्... कोणीतरी ज्येष्ठ सोबत असतंच. आधी एकटीनं केलेला प्रयोग दाखवा, मग अनुदान मागा!"

"पण सर, अनुदानाशिवाय एकटीनं प्रयोग करू कसा?"

"तो... हिक्... तुमचा प्रश्न."

केतकी हळूच म्हणाली, "सर, हलू नका. तुमच्या कॉलरवर पाल आहे."

अध्यक्ष किंचाळत टेबलावर चढले. त्यांनी कोट झटकला, शर्ट झटकला. पाल काही सापडली नाही, पण उचकी पार पळाली होती.

"हा माझा प्रयोग, सर," केतकी म्हणाली. "यात माझ्यासोबत कोणीही नव्हतं. पालसुद्धा!"

अध्यक्षांनी टेबलावरूनच सही केली.