मधल्या खांबाचा चिरा

त्या राज्यात नदी एक, दगडी पूल एक आणि राजे मात्र बरेच होऊन गेले. प्रत्येक नव्या राजाला पुलाच्या कठड्यावर आपलं नाव हवं असे, आणि नाव कोरायला दगड हवा तो जुना, पाणी प्यालेला. तसे दगड खालच्या खांबांतच. मग पाथरवट होडीतून येई, एकेका चिऱ्यावर हातोडी मारी आणि कान लावी. खणखणीत वाजला तो वर जाई. बद्द वाजला तर आतून फुटका म्हणून सोडून देत. रिकाम्या जागेत चुना भरत.

असे सात चिरे वर गेले, त्यातले तीन एकट्या मधल्या खांबाचे. आठवा राजा गादीवर बसला तेव्हा तिथे तुळाजी नावाचा चिरा उरला होता. त्याच्या डोक्यावर भिवाई नावाची शिळा. तिला सगळ्यांच्या बातम्या असायच्या.

"नंबर लागला हो तुमचा, तुळाजी! वर ऊन, हारतुरे. आम्हाला विसरू नका."

तुळाजीला ऊन हवंच होतं, खोटं कशाला सांगा. चारशे वर्षं तो पाण्यात होता.

"आणि तुमच्या खाली कोण, भिवाई?"

"भरतील की चुना."

"मागच्या खेपेला भरलेला कुठाय?"

भिवाईने खाली पाहिलं. चुना वाहून गेलेल्या भोकातून मासे ये-जा करत होते.

पाथरवटाने हातोडी मारली. तुळाजीने अंगातला सगळा नाद आवळून धरला. बद्द.

"फुटका," पाथरवट म्हणाला, आणि खडूने फुली मारली.

शेजारच्या खांबांतले चिरे खदखदून हसले. "अरे, एवढा मिरवायचास की रे! पोकळच निघालास!"

पण भिवाईवर हातोडी पडली आणि तीही बद्द वाजली. मग हसणाऱ्यांची पाळी आली. ज्याने त्याने आधी आपल्या डोक्यावर कोण बसलंय ते पाहिलं. तीन दिवसांत अख्खा पूल बद्द वाजला.

पाथरवटाने दरबारात सांगितलं, "महाराज, पूल पार गेलाय. आज पडेल का उद्या, सांगता येत नाही."

महाराजांनी नव्या पुलाचा हुकूम काढला. जुन्या पुलाच्या दोन्ही तोंडांशी धोक्याच्या पाट्या रोवल्या.

दगडाची खाण पलीकडच्या काठाला होती. पाट्या आडव्या येतात म्हणून गाडीवानांनी त्या उपटून कडेला ठेवल्या, आणि नव्या पुलाच्या दगडांनी भरलेल्या चाळीस बैलगाड्या, एकीमागे एक, जुन्या पुलावरून अलीकडे आल्या.