इंदूचं चाक

पाव्हणं, घड्याळाकडं बघू नका. पाठवणी गरिबाच्या लेकीची असो नाहीतर बागाईतदाराच्या, भोरजाईतनं ती अशीच निघते. समोर ते काचांचं कापडदुकान दिसतंय ना, तिथं नवरीची गाडी थांबते, बँड गप्प होतो आणि नवरीचा बाप वाकून गाडीच्या चाकांवर हातोडीचे टोले देतो. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा खुळावला की काय! पण त्या टोल्यांशिवाय आमच्या गावची लेक घाट उतरत नाही.

त्या दुकानाच्या जागी श्रीपती मिस्त्रीचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, पुढं करंजाचं झाड, झाडाखाली तेलानं काळी पडलेली जमीन. शेजारी बर्फाचा कारखाना आणि पलीकडं उन्हाळ्यात सिनेमाचा तंबू लागायचा. आता कुठलं काय! रस्ता रुंद झाला आणि सगळं पुसून गेलं. बर्फाचा कारखाना नेमका कुठं होता, यावर म्हातारी माणसं हमरीतुमरीवर येतात. गॅरेजच्या जागेबद्दल मात्र कुणाचं दुमत नाही.

श्रीपती मूळचा लोहार. घाट उतरणारी गाडी त्याच्या दारात थांबायचीच. तो चाकाच्या एकेका नटावर हातोडीनं टोला द्यायचा. घट्ट नट ठण्ण वाजतो, ढिला मुका राहतो. बायको लवकर गेलेली, घरात इंदू एवढी एकच लेक. ती गॅरेजच्या दारात जुन्या टायरवर बसूनच वाढली. सगळी चाकं खणखणीत वाजली की ती ओरडायची, "बोललं, आबा!" मगच श्रीपती ड्रायव्हरला हात करायचा. लेकीच्या हाकेशिवाय त्यानं एकही गाडी सोडली नाही, म्हणे.

इंदूचं लग्न घाटाखालच्या गावात ठरलं. वऱ्हाड जीपनं आलं, तेही उशिरा. वाटेत चाक पंक्चर झालेलं आणि नवऱ्याकडच्या माणसांनी ते घाईघाईत बदललेलं. नवरदेवाच्या चुलत्याच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर ग्रीसचा डाग होता. तो डाग बघून, चाक कुणी बसवलं ते श्रीपतीनं ओळखलं, असं सांगतात.

पाठवणीच्या वेळी तो हातोडी घेऊन जीपकडं निघाला, तर चुलता आडवा आला. "अहो व्याही, आज तरी हात काळे करू नका. आमची गाडी तपासताय, म्हणजे आमच्यावर भरवसा नाही का?" चारचौघं हसली. मुलीच्या बापाची मान त्या काळी किती खाली असायची, तुम्हाला काय सांगायचं! वरपक्ष रुसला तर पोरीला जन्माचा जाच, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. त्यानं हातोडी पाठीमागं धरली. गाडीतनं इंदू म्हणाली, "आबा, चाक?"

"जा बाई," तो म्हणाला. "उशीर होतोय."

घाटात देवीच्या वळणावर चाक निखळलं. बाकीचे खरचटून वाचले. इंदू गेली.

श्रीपती फेटा बांधलेला तसाच घाटात धावत गेला. तिथं तो रडला नाही. उलटून पडलेल्या जीपच्या उरलेल्या चाकांवर हातोडी मारत बसला, म्हणे. एकेक नट ठण्ण वाजत होता आणि तो लेकीच्या हाकेची वाट बघत होता. शेवटी गाववाल्यांनी त्याला धरून उठवलं.

पुढं गॅरेज उघडं असायचं, पण तो गाडीला हात लावायचा नाही. "वाजवून काय करू? बोललं म्हणून सांगणार कोण?" एवढंच म्हणायचा. पुढच्या लग्नसराईत धोंडिबा गुरवाच्या कमळाची गाडी तिथनं निघाली. ही कमळा म्हणजे इंदूची जिवाभावाची मैत्रीण. गाडी दारासमोर आली आणि श्रीपती रस्त्यात आडवा झोपला. वरपक्ष खवळला, नको नको ते बोलला. हा जागचा हलेना. त्यानं धोंडिबाला जवळ बोलावलं, हातोडी त्याच्या मुठीत कोंबली आणि म्हणाला, "आज व्याही होऊ नकोस रे. बाप हो. वाजव."

धोंडिबानं रडत रडत चारही चाकं वाजवली. तरी श्रीपती उठेना. कुणाला काही कळेना. कमळाला कळलं. शालू सावरत ती गाडीतनं डोकावली आणि ओरडली, "बोललं, आबा!" तेव्हा कुठं तो उठून बाजूला झाला आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

तो गेल्यावर शेड पाडली, करंज तोडला. त्याला ते बघावं लागलं नाही, सुटला बिचारा. गाड्या दारात उभ्या राहून गिऱ्हाईक अडतं म्हणून दुकानदारानं बरीच आदळआपट केली, पण गाव त्याचं कशाला ऐकतंय!

हल्लीच्या गाड्यांचे नट टोपणाखाली झाकलेले असतात. बापालाही नट-बोल्टातलं काही कळत नाही. हातोडी नुसती थप्प वाजते. तरी आजही बाप वाकतो, चारही चाकांवर टोला देतो आणि गाडीपुढं येऊन उभा राहतो. आतनं नवरी म्हणते, "बोललं, आबा." घरी बापाला ती पप्पा म्हणत असो नाहीतर अण्णा, या जागेवर आबाच म्हणते. आणि तिचा आवाज कानावर आल्याशिवाय बाप वाट सोडत नाही.