पोवाड्यातला वारू

दसऱ्याला घोड्यांची पूजा असते, म्हणून सरदार रायाजीराव आदल्या दिवशी पागेत आले. म्हातारा पंचकल्याणी दिसताच त्यांनी नाक मुरडलं.

"हे मरतुकडं उद्या पूजेला नको. रानात सोडून ये."

घोड्यांची निगा राखणारा सटवा हात जोडून म्हणाला, "सोडतो सरकार. पर एक इचारू? शाहीर तुमच्या पोवाड्यात म्हणतो, 'पुरात वारूनं उडी घेतली, धनी पैलतीरी आणला.' वारू म्हंजी काय वो?"

सरदार हसले. "अरे, वारू म्हणजे घोडाच! पागेत चंदी खातो तो घोडा, पोवाड्यात शोभतो तो वारू."

सटवानं म्हाताऱ्याच्या मानेवरून हात फिरवला. "त्या पुरातला घोडा ह्योच, सरकार. ह्याला सोडतो, पर उद्या शाहिराला तेवढी ओळ बदलाया सांगा. धनी आपला आपण पोहून आला, आसं म्हणू दे."

सरदारांना पोहता येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी झेंडूची पहिली माळ म्हाताऱ्याच्या गळ्यात पडली. ती सरदारांनी स्वतः घातली, आणि घालताना हळूच म्हणाले, "चल वारू, मान खाली कर."